लिनक्सला मराठी ऐकू येते का?

आपल्या होस्टेलमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. कुणी प्रॅक्टिकलसाठी टाकतं, कुणी जुना लॅपटॉप रडायला लागला म्हणून टाकतं, तर कुणी केवळ रूममेटनं टाकलं म्हणून. त्यावर कामही सुरळीत चालतं. ऑफिस पॅकेज आहे, ब्राउझर आहे, कंपायलर तर हवे तितके. पण एका ठिकाणी गाडी अडते. माइकसमोर बोलावं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटावीत, असं सॉफ्टवेअर लिनक्सवर कोणतं, असा प्रश्न विचारून बघा. दहा जण दहा नावं सांगतील आणि त्यातली चार नावं केव्हाच बंद पडलेली असतील.

मला हा शोध घ्यावा लागला तो हौसेखातर नाही, गरजेपोटी. त्या शोधात जे वाचलं, करून पाहिलं आणि उपयोगी पडलं, ते या लेखात क्रमानं मांडतो आहे. लेखाचं सार आधीच सांगून टाकतो : लिनक्सवर ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो आपल्या माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा. हे एकदा लक्षात आलं की शोधाची दिशाच बदलते.

गरज काय होती?

मी मूळचा केदारखेड्याचा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव. कापूस, सोयाबीन, मका ही शेती आणि जोडीला दूध. माझे मोठे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सकाळ-संध्याकाळ घरासमोर दूध गोळा करतात. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून डाव्या हातानं माप धरायचं आणि वहीत लिहायला दुसरं कुणीतरी बसवायचं, असा रिवाज पडला. घरातली पोरं शाळेत गेली की लिहिणारं कुणी नाही. मग अण्णा आकडे डोक्यात ठेवतात आणि दुपारी सांगतात. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की दारात भांडण. दुधाच्या पैशावर ज्याचा किराणा चालतो, त्याला अर्धा लिटरसुद्धा मोठाच असतो.

घरात एक जुना डेस्कटॉप होता, दोन कोअरचा, चार जीबी रॅमचा. त्यावर लिनक्स व्यवस्थित चालत होतं. माझ्या डोक्यात आलं, अण्णांनी नुसतं बोलावं आणि नोंद व्हावी. अटी तीनच. इंटरनेटवर अवलंबून राहायचं नाही, कारण दूध सकाळी सहाला येतं आणि नेट त्याच्या मर्जीनं. दुसरी, मराठी समजली पाहिजे, तीही अण्णांची. तिसरी, नव्या मशीनचा खर्च नको.

आधी थोडा अभ्यास

नाव शोधण्याआधी हे सॉफ्टवेअर करतं काय, ते पाहू. म्हणजे एखादं का चालतं आणि दुसरं का चालत नाही, हे कळतं.

माइकमधून येणारा आवाज साधारणपणे सेकंदाला १६,००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, म्हणजे दोन बाइटचं. एका सेकंदाचे झाले ३२,००० बाइट आणि एका मिनिटाचे साधारण १.९ एमबी. (जुन्या टेलिफोन लाइनवर हाच वेग ८,००० असतो, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोळ होतो.) एवढ्या आकड्यांत शब्द शोधणं अवघड. म्हणून आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे करतात, दर १० मिलिसेकंदांना एक नवा तुकडा. प्रत्येक तुकड्यात कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे, याचा गोषवारा काढतात. जुन्या पद्धतीत तो बहुधा १३ आकड्यांत मावतो. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात फूरिये ट्रान्सफॉर्म कशाला शिकवतात, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उत्तर.

यापुढचं काम तीन जणांत वाटलेलं असतं. पहिला आहे ध्वनीचा नमुना, म्हणजे अकूस्टिक मॉडेल. ‘हा तुकडा आ सारखा वाटतो की ए सारखा’ हे तो सांगतो. दुसरा उच्चारकोश : ‘बारा’ म्हणजे ब-आ-र-आ. तिसरा भाषेचा नमुना, लँग्वेज मॉडेल : ‘बारा’ नंतर ‘लिटर’ येण्याची शक्यता जास्त, ‘मीटर’ येण्याची कमी. तिघांचं मत एकत्र करून इंजिन सगळ्यांत संभाव्य वाक्य निवडतं. आजच्या न्यूरल नेटवर्कवाल्या पद्धतीत हे तिघं एकाच मोठ्या जाळ्यात मिसळून गेलेले असतात, पण काम तेच राहतं.

आता यातली खोच बघा. इंजिन म्हणजे नुसती विहीर खणण्याची अवजारं. ध्वनीचा नमुना हे पाणी. अवजारं जपानहून आली काय आणि अमेरिकेहून आली काय, फरक पडत नाही. पाणी मात्र आपल्याच जमिनीत लागावं लागतं. हजारो तासांच्या इंग्रजीवर शिकलेला नमुना ‘ळ’ आणि ‘ण’ कुठून आणणार?

लिनक्सवर काय काय होऊन गेलं

जुनी नावं अजून ऐकू येतात म्हणून इतिहास थोडक्यात सांगतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात ‘स्फिंक्स’ तयार झालं. काइ-फू ली यांचं ते पीएच.डी.चं काम आणि त्यांचे मार्गदर्शक राज रेड्डी. हे रेड्डी म्हणजे आंध्रातल्या एका खेड्यात जन्मलेले, मद्रासजवळच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेतलेले. १९९४ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. स्फिंक्स-२ हे २००० साली ओपन सोर्स झालं. पुढे लहान मशीनसाठी २००६ मध्ये ‘पॉकेटस्फिंक्स’ आलं. ते अजून जिवंत आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

आयबीएमनं १९९९ च्या सुमारास ‘वायाव्हॉइस’ लिनक्ससाठी आणलं होतं. ते मुक्त नव्हतं आणि काही वर्षांतच बंद झालं. केंब्रिजचं ‘एचटीके’ अभ्यासाला उत्तम आणि त्याचा सोर्सही मिळतो, पण तो पुढे वाटायला परवानगी नाही. त्यामुळे कोणत्याही डिस्ट्रोमध्ये ते सोबत येऊ शकलं नाही. जपानचं ‘ज्युलियस’ इंजिन म्हणून हलकं आणि वेगवान, पण मॉडेल आपलं आपण आणायचं. केडीई मंडळींचं ‘सायमन’ तर मुद्दाम हाताची हालचाल नीट न करता येणाऱ्यांसाठी बनवलेलं, अण्णांसारख्यांसाठीच. पण त्याचं कामही थंडावलं.

याच काळात एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. इंजिनं मुक्त आहेत, मॉडेल शिकवायला मुक्त आवाज मात्र नाही. म्हणून २००६ मध्ये ‘वॉक्सफोर्ज’ सुरू झालं. लोकांनी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची आणि ती सर्वांसाठी खुली करायची. कल्पना साधी, पण पुढचं सगळं याच वाटेनं गेलं.

२०११ मध्ये ‘काल्डी’ जगापुढे आलं. कॉफीचा शोध लावणाऱ्या दंतकथेतल्या इथिओपियन गुराख्याचं हे नाव. संशोधकांनी ते डोक्यावर घेतलं, मात्र सामान्य माणसाला ते नुसतं उभं करायलाच दोन दिवस लागत. मोझिलाचं ‘डीपस्पीच’ २०१७ मध्ये आलं आणि २०२० नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. म्हणून एखाद्या जुन्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर दिसलं तरी त्यात वेळ घालवू नका.

आज कामाची दोन नावं. एक ‘व्हॉस्क’. हे काल्डीवर उभं आहे, पण वापरायला सोपं. पूर्णपणे ऑफलाइन चालतं आणि त्याची लहान मॉडेलं साधारण ४०-५० एमबीची असतात. त्यावर ‘नर्ड-डिक्टेशन’ नावाची छोटी स्क्रिप्ट बसवली की जिथे कर्सर असेल तिथे बोललेलं उमटतं. भारतीय उच्चारांच्या इंग्रजीचं वेगळं मॉडेलही मिळतं, प्रोजेक्ट रिपोर्ट बोलून लिहायचा असेल त्यांनी ते जरूर पाहावं. हिंदीचं आहे, गुजरातीचं आहे. मराठीचं मी शोधलं तेव्हा यादीत नव्हतं.

दुसरं ‘व्हिस्पर’. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये ते मुक्त परवान्याखाली दिलं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकलेलं आहे आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. त्याची ‘व्हिस्पर डॉट सीपीपी’ ही आवृत्ती ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनवरही चालते. ‘बेस’ मॉडेल डिस्कवर साधारण १४० एमबी आणि ‘स्मॉल’ साधारण ४७० एमबी जागा घेतं. कमांड लाइनची भीती वाटत असेल तर ‘स्पीच नोट’ हा प्रोग्राम फ्लॅटहबवरून घ्या. त्यात व्हॉस्क आणि व्हिस्पर दोन्ही खिडकीतून वापरता येतात.

यादीत मराठी आहे म्हणून हुरळून मात्र जाऊ नका. त्या ६,८०,००० तासांपैकी सुमारे ४,३८,००० तास एकट्या इंग्रजीचे आहेत. मराठीच्या पानात पडलं ते चमचाभर. त्यामुळे लहान मॉडेलांकडून मराठीत हिंदीची भेसळ होते, जोडाक्षरं तुटतात आणि कुणी बोलतच नसलं तरी कधी कधी ते मनचं वाक्य लिहून मोकळं होतं. रेकॉर्ड केलेल्या इंग्रजी लेक्चरची टिपणं काढायला मात्र ते फार चांगलं.

मग मराठीचं काय?

मराठीत काही झालंच नाही असं समजू नका. झालं आहे आणि तेही शेतकऱ्यांसाठी. २०१० च्या सुमारास केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प झाला. फोन करायचा, आपल्या भाषेत पीक आणि बाजार सांगायचा, आणि त्या दिवशीचा भाव ऐकायचा. मराठीची बाजू आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांनी सांभाळली. त्यांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांचे आवाज फोनवर गोळा केले. स्टुडिओत नाही, माणूस जिथे असेल तिथे : मागे बैलाच्या घंटा, रस्त्यावरचा ट्रक, सगळ्यासकट. आणि इंजिन कोणतं वापरलं? तेच आपलं मुक्त स्फिंक्स.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं घ्या. तिथल्या संगणकशास्त्र विभागात २०१२ च्या सुमारास शेतीतल्या मराठी शब्दांचा उच्चारसंग्रह तयार झाला. म्हणजे केदारखेड्यापासून काही तासांच्या अंतरावर हा विषय शिकवणारी माणसं होती.

त्यानंतर मोठी कामं झाली. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी आहे, तिथे कुणीही वाक्यं वाचून देऊ शकतो. गूगलनं मराठी स्त्रियांच्या आवाजांचा एक संग्रह मुक्त परवान्यानं दिला. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटानं २०२२ मध्ये ‘कथबथ’ हा १२ भारतीय भाषांचा १,६८४ तासांचा संग्रह खुला केला, त्यात मराठी आहे. पुढे त्यांनी २२ भाषांसाठी ‘इंडिककन्फॉर्मर’ ही मॉडेलं दिली. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्पही २०२२ मध्ये सुरू झाला. ज्याच्याकडे बरं मशीन आहे आणि ज्याला प्रमाण मराठीत डिक्टेशन करायचं आहे, त्यानं आज सुरुवात इंडिककन्फॉर्मरपासून करावी, असं माझं मत आहे.

निवडताना तीन प्रश्न

सॉफ्टवेअरचं नाव विचारण्याआधी स्वतःला हे विचारा.

एक : मला नक्की काय करायचं आहे? हुकूम द्यायचा आहे (‘फाइल उघड’, ‘खाते बारा’), मजकूर सांगायचा आहे, की आधीचं रेकॉर्डिंग अक्षरांत आणायचं आहे? हुकमाला शंभर शब्द पुरतात. मजकुराला लाखभर लागतात. रेकॉर्डिंगला घाई नसते, ते रात्रभर चालू ठेवलं तरी चालतं.

दोन : बोलणारा कोण? एकच माणूस असेल तर काम दहापट सोपं होतं. कुणीही येऊन बोलणार असेल तर खूप जणांचे आवाज हवेत.

तीन : चुकलं तर काय होईल? निबंधात एखादा शब्द चुकला तर खोडता येतो. दुधाच्या नोंदीत चुकला तर शेजारी तुटतो.

अण्णांची उत्तरं सरळ होती : हुकूम, एकच माणूस आणि चूक अजिबात चालणार नाही. म्हणजे मला मोठं, सगळी भाषा जाणणारं सॉफ्टवेअर नकोच होतं. मला हवं होतं लहान, हट्टी, दीडशे शब्दांपलीकडे काही न ऐकणारं. निवड पॉकेटस्फिंक्सवर येऊन थांबली.

केदारखेड्यातला प्रयोग

स्फिंक्सच्या माहितीपुस्तकात एक मोलाचा अंदाज दिलेला आहे : एकाच माणसाच्या हुकमांसाठी साधारण एक तासाचं रेकॉर्डिंग पुरे. अनेक माणसांच्या हुकमांसाठी २०० जणांचे मिळून पाच तास. कुणाच्याही डिक्टेशनसाठी २०० जणांचे पन्नास तास. एक तास म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत होण्याजोगं काम.

शब्दांची यादी केली तेव्हा मराठीचा खरा डोंगर दिसला, तो आकड्यांचा. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि पुढचे दशक शिकवले की नव्याण्णवपर्यंत काम भागतं. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला जवळजवळ स्वतंत्र शब्द. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, त्यांची सुरुवात सारखी. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, त्यांचा शेवट सारखा. वरून सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. ‘पावणेतीन’ मध्ये तीन ऐकू येतं, पण नोंद करायची २.७५. हे गणित इंजिन करत नाही, त्याच्यापुढे आपली छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट उच्चाराची. पुस्तकातलं ‘एक’ आमच्याकडे ‘येक’ होतं, ‘वीस’चं ‘ईस’ होतं आणि ‘ण’ बऱ्याचदा ‘न’च्या घरी राहायला जातो. उच्चारकोशात एका शब्दाला दोन-तीन उच्चार देता येतात. मी अण्णांना शुद्ध बोलायला सांगितलं नाही, कोशालाच अण्णांसारखं बोलायला लावलं. पहिल्या दिवशी तयार इंग्रजी मॉडेलवर त्यांना बोलायला लावलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, “आरं, ह्याला मपलं बोलणं कळंना व्हय? मंग ह्याला गावात ऱ्हाऊ दे चार दिस.” तांत्रिकदृष्ट्या सल्ला अगदी बरोबर होता. मॉडेल शिकवणं म्हणजे दुसरं काय?

रेकॉर्डिंग बंद खोलीत केलं नाही, ओट्यावरच केलं, कॅनच्या खडखडाटात. ज्या गोंगाटात वापरायचं, त्याच गोंगाटात शिकवायचं, हा शेतकऱ्यांच्या त्या फोन प्रकल्पाचाच धडा. माइक साधा हेडसेटचा, तोंडापासून चार बोटं अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. मग स्फिंक्सट्रेन या जोडसॉफ्टवेअरनं मॉडेल शिकवलं. जुन्या मशीनलाही ते जमलं.

त्यानंतर व्याकरण. इथे व्याकरण म्हणजे कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येऊ शकतो याचा नियम. आमचा नियम असा : आधी ‘खाते’, मग एक ते साठ यांतला आकडा, मग ‘गाय’ किंवा ‘म्हैस’, मग माप, मग ‘लिटर’. शेतकऱ्यांची नावं न घेता खाते नंबर घेतले, कारण एका आडनावाची सात घरं असतात. या नियमामुळे ‘म्हैस’ नंतर इंजिनला फक्त मापाचेच शब्द तपासावे लागतात. पर्याय जितके कमी, तितकी चूक कमी.

तरी दोन अडचणी उरल्या. कुणी गप्पा मारायला आलं की इंजिन त्यातूनही आकडे उचलायचं. त्यावर उपाय इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना आवडेल असा. जुन्या यूएसबी कीबोर्डच्या सर्किटवर एका बटणाच्या दोन टोकांना वायर जोडल्या आणि त्या दारावरच्या बेलच्या बटणाला नेल्या. ते बटण लाकडी फळीवर, फळी अण्णांच्या पायाखाली. पाय दाबला की ऐकायचं, सोडला की थांबायचं.

दुसरी अडचण विश्वासाची. अण्णांना स्क्रीन बघायला सवड नसते. म्हणून नोंद झाली की ‘ईस्पीक एनजी’ हा बोलणारा प्रोग्राम ती मराठीत वाचून दाखवतो : खाते बारा, म्हैस, साडेचार लिटर. अण्णा ‘बरोबर’ म्हणाले तरच ती वहीत जाते, ‘चूक’ म्हणाले तर पुसली जाते. हे दोन शब्द मुद्दाम निवडले, कारण कानाला ते एकमेकांपासून लांब आहेत. ‘हो’ आणि ‘नको’ घेतले असते तर शेवटचा ‘ओ’ दोघांत सारखा. समोरचा दूध घालणाराही तो आवाज ऐकतो. आता आकड्याला दोन साक्षीदार झाले आणि दारातली भांडणं बरीच शांत झाली.

चुका मोजायच्या कशा?

या विषयात शब्दचुकीचा दर नावाचं माप वापरतात. बदललेले, गाळलेले आणि जादा घुसडलेले शब्द मोजायचे, बेरजेला मूळ वाक्यातल्या शब्दांनी भागायचं. ‘खाते बारा म्हैस साडेचार लिटर’ यात पाच शब्द. इंजिननं ‘बारा’चं ‘अठरा’ ऐकलं तर पाचात एक, म्हणजे २० टक्के चूक. ‘लिटर’चं ‘मीटर’ ऐकलं तरी २० टक्केच. पण दुसऱ्या चुकीनं कुणाचं काही बिघडत नाही आणि पहिल्या चुकीनं बारा नंबरचं दूध अठरा नंबरच्या खात्यात जातं. म्हणून जाहिरातीतला टक्का बघून भुलू नका. आपल्या कामातली जी चूक महाग, तीच मोजा. मी शब्द मोजणं सोडून पूर्ण नोंदी मोजल्या, आणि ‘चूक’ म्हणून पुसल्या गेलेल्या प्रत्येक नोंदीचं रेकॉर्डिंग ठेवलं. पुढच्या सुट्टीत मॉडेलला तेच पुन्हा शिकवायचं आहे.

आपल्या होस्टेलला काय करता येईल?

आपल्या एका विंगमध्ये भोकरदनचा आहे, लातूरचा आहे, नंदुरबारचा आहे, सिंधुदुर्गचा आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की अर्ध्या महाराष्ट्राचे उच्चार कानावर पडतात. ज्या गोष्टीसाठी संशोधक जिल्ह्याजिल्ह्यांतून फोन लावत होते, ती आपल्याकडे मेसच्या ताटाबरोबर फुकट मिळते. २०० जणांचे पाच तास म्हणजे माणशी दीड मिनिट! गॅदरिंगच्या आठवड्यात एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक हेडसेट ठेवला तर चार संध्याकाळी पुरतील.

फक्त काही पथ्यं पाळावी लागतील. प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, कारण आवाज ही माणसाची ओळख असते. फाइलवर नाव न लिहिता नुसता क्रमांक आणि जिल्हा लिहावा. पंखा बंद करू नये. वाक्यं पाठ्यपुस्तकातली नसावीत, घरी फोनवर बोलतो तशी असावीत. आणि गोळा केलेलं सगळं मुक्त परवान्यानं द्यावं, नाहीतर ते आपल्याच हार्डडिस्कवर धूळ खात पडेल. इतकं जमणार नसेल त्यानं एकट्यानं कॉमन व्हॉइसवर रोज दहा वाक्यं वाचावीत. दुसऱ्यांनी वाचलेली ऐकून तपासली तरी मोठी मदत होते. कॉम्प्युटर विभागाच्या सरांना आणि मॅडमना विनंती की, फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत यंदा हा विषय जरूर घालावा.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘लिनक्सवर बोलून लिहायचं सॉफ्टवेअर कोणतं?’, तर त्याला एक नाव सांगून वाटेला लावू नका. काय बोलणार, कोण बोलणार आणि चुकलं तर काय, हे आधी विचारा. इंग्रजी असेल तर व्हॉस्क किंवा व्हिस्पर सांगा. प्रमाण मराठी असेल तर इंडिककन्फॉर्मर सांगा. थोडक्या शब्दांचं काम असेल तर पॉकेटस्फिंक्स आणि एक तासाची चिकाटी. आणि तो आपल्या गावची मराठी बोलणारा असेल, तर आधी त्याला माइकसमोर बसवा आणि दीड मिनिट बोलतं करा.